एक श्लोक, एक काम: कोकणातल्या घरात रोजचा पाठ कसा सुरू कराल

उमेद येण्याची वाट पाहणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. नोकरी सोडून गावाला परतलेला चाकरमानी, बारावीनंतर पुढे काय ते न ठरलेला मुलगा, मुलं मुंबईला गेल्यावर मोठ्या घरात उरलेले दोघं आईवडील. मोबाइलवर एखादं जोशाचं भाषण ऐकलं की तासभर अंगात वारं भरतं, आणि संध्याकाळी पडवीत बसल्यावर पुन्हा तोच कंटाळा. दुसऱ्या दिवशी आणखी एक भाषण.

मला यावर एकच उपाय पटलेला आहे. जुन्या, घासूनपुसून टिकलेल्या शब्दांचा एक छोटा तुकडा रोज घ्यायचा, तो रोजच्या एखाद्या कामाला बांधायचा, आणि त्याच दिवशी त्यातून एक लहानशी कृती करायची. उमेद त्या कृतीच्या मागून येते. हे कसं करायचं, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी खाली क्रमाने लिहितो आहे. आपल्या किनाऱ्यावरचं वर्ष घाटावरच्यासारखं नसतं. पाऊस, लावणी, गणपती, शिमगा, आंबा हे सगळं त्या पाठाच्या आड येणार, हे धरूनच लिहिलं आहे.

पहिली पायरी: एकच ग्रंथ निवडा

नवीन माणूस पहिल्या आठवड्यातच पाच पुस्तकं आणतो आणि महिनाभराने एकही उघडत नाही. म्हणून एकच घ्या, आणि लहान तुकड्यांत वाचता येईल असं घ्या.

माझी पहिली शिफारस समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांची. श्लोक 205, प्रत्येकाच्या चार ओळी, भुजंगप्रयात वृत्त. वृत्ताचा फायदा मोठा आहे, कारण चालीवर म्हटलेलं डोक्यात राहतं. कोकणातल्या कितीतरी घरांत हे श्लोक दिवेलागणीला म्हटले जात. तुमच्या आजीला विचारा, दहावीस तरी तिला पाठ निघतील. दुसरं सांगण्यासारखं म्हणजे विनोबांची गीताई. विनोबा आपल्याच भागातले, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, जन्म 11 सप्टेंबर 1895 चा. आईला संस्कृत गीता समजत नव्हती, तिला कळेल अशी गीता मराठीत असावी या ओढीतून 1930-31 मध्ये त्यांनी ती लिहिली. भाषा इतकी सोपी की शाळकरी मूलही अडखळणार नाही.

बौद्ध घरांत धम्मपद घ्यावं. 26 वर्ग, 423 गाथा, आणि बहुतेक गाथा दोन-चार ओळींच्या. मुस्लिम किंवा ख्रिस्ती घरात तुमच्या परंपरेत रोज वाचायचं जे आहे, तेच घ्या. पुढचं सगळं तसंच लागू पडतं. देवावर श्रद्धा नसेल तरीही अडत नाही. मनाच्या श्लोकांत राग, लोभ, आळस, बोलण्यातला संयम यांवर इतकं काही आहे की तेवढंच घेतलं तरी पुष्कळ झालं.

ज्ञानेश्वरीपासून मात्र सुरुवात करू नका. ती वाचायचीच आहे, पण सुमारे नऊ हजार ओव्या आणि सातशेहून अधिक वर्षांपूर्वीची मराठी. सवय नसताना तिला हात घातला तर पहिल्या अध्यायातच दम लागतो, आणि मग आपल्याला हे जमत नाही असं माणूस उगाच ठरवून बसतो.

दुसरी पायरी: पाठ घड्याळाला नको, कामाला बांधा

‘रोज सकाळी साडेपाचला’ हे वाक्य बहुतेकांचं आठवडाभर टिकतं. आपल्याकडे तर ते आणखी अवघड. मासेमारी करणाऱ्या घराचा दिवस भरतीवर चालतो, आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज पहाटे होडी सुटली तर आठवड्याभराने तीच वेळ दुपारची होते. अशा घरात घड्याळाची सवय टिकणारच नाही. होडी किनाऱ्याला लागली, मासळी उतरवली, हातपाय धुतले की श्लोक, असं ठरवलं तर भरती कितीही सरकली तरी पाठ जागच्या जागी राहतो.

हीच रीत सगळ्यांनी घ्यावी. न चुकता होणारं एक काम शोधा आणि पाठ त्याच्या लगेच आधी किंवा नंतर ठेवा. तुळशीपुढे दिवा लावला की. आगराचं शिपणं झालं की. सकाळचा चहा गाळला की. एसटीने रोज जाणाऱ्याने स्टँडवर गाडीची वाट पाहताना, आणि दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीने रोज खाडी ओलांडणाऱ्याने फेरीत बसल्यावर. फेरीबोटीतला तो वेळ फोनवर जातो, चार ओळींना तो भरपूर आहे.

काम निवडताना एक बघा: ते तुमच्या हातचं असावं. सूनबाई दिवा लावतात आणि आपण बसून वाचतो, असं ठरवलं तर ती माहेरी गेली की तुमचा पाठ बंद.

तिसरी पायरी: चार ओळींचं नेमकं काय करायचं

सगळ्यात जास्त जीव इथे ओता. नुसतं वाचून पुढे गेलात तर पाठांतर होईल, बदल होणार नाही.

आधी मोठ्याने म्हणा. दोनदा. घरात माणसं असली म्हणून लाजू नका, आठ दिवसांनी त्यांना सवय होते. मग वहीत तो श्लोक हाताने लिहा. हात चालतो तेव्हा मन हळू होतं, आणि वाचताना निसटलेला शब्द लिहिताना अडतो. मग एक प्रश्न: यातलं काय आज माझ्या घरात, माझ्या शेतात, माझ्या बोलण्यात घडतं आहे? त्याचं उत्तर एका ओळीत. शेवटी एक काम लिहा, जे आज रात्री झोपण्याआधी संपेल.

उदाहरणासाठी अकरावा श्लोक घेऊ:

जगीं सर्वसूखी असा कोण आहे ।
विचारें मना तूंचि शोधूनि पाहें ॥
मना त्वांचि रे पूर्वसंचीत केलें ।
तयासारिखें भोगणें प्राप्त झालें ॥

पहिल्या दोन ओळी सगळ्यांना आवडतात. पुढच्या दोन टोचतात. समजा तुम्ही चाळीस वर्षांचे आहात, गुडघे दुखतात, आणि मुंबईतल्या चुलतभावाच्या नव्या फ्लॅटचे फोटो बघून तुम्हाला काल रात्री झोप लागली नाही. पहिल्या दोन ओळी सांगतात की त्याच्याही घरात काहीतरी सलत असेलच. पुढच्या दोन विचारतात: आजचं जे दुखणं आहे, त्यातलं माझ्या हातून आलेलं किती? गुडघ्यांचं काही प्रमाणात, कारण पाच वर्षं चालणं बंद आहे. रात्रीच्या जागरणाचं तर पूर्णच. मग आजचं काम काय? जेवल्यानंतर फोन माजघरात ठेवून यायचा. बस. आयुष्य बदलायची प्रतिज्ञा आज करायची नाही.

काम इतकं लहान ठेवा की टाळायला कारणच सापडू नये. तीन वर्षं बोलणं बंद असलेल्या भावाशी समेट करणं हे आजचं काम नव्हे. त्याच्या मुलाला रस्त्यात बघून थांबणं आणि ‘परीक्षा कशी गेली रे’ एवढं विचारणं हे आजचं काम.

या श्लोकाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. तो स्वतःला म्हणायचा, दुसऱ्याला ऐकवायचा नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं आणि रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीची आगरं आडवी झाली. पोफळ नव्याने लावली की तिला सुपारी लागायला काही वर्षं जातात. अशा आगराच्या मालकापुढे ‘पूर्वसंचित’ म्हणणं हे ज्ञान नाही, निर्दयपणा आहे. रामदास या श्लोकांत पुन्हा पुन्हा ‘मना’ म्हणतात, स्वतःच्या मनाला. शहाणपणाचे शब्द हातात आले की ते शेजाऱ्यावर चालवायचा मोह होतो. पहिल्या दिवसापासून तो आवरा.

वहीबद्दल थोडं

शंभर पानी साधी वही पुरे. पावसाळ्यात आपल्याकडे कागद ओलसर होतो, शाईचं पेन फुटतं, कपाटातल्या वहीला बुरशी धरते. बॉलपेन किंवा पेन्सिल वापरा आणि वही झाकणाच्या डब्यात ठेवा. पानावर तारीख, श्लोकाचा क्रमांक, एका ओळीचं उत्तर, आजचं काम. रात्री कामापुढे फक्त ‘झालं’ किंवा ‘राहिलं’. राहिलं तर का, हे लिहीत बसू नका. महिन्याने पानं उलटली की आपोआप कळतं. सोमवारची कामं राहतात म्हणजे बाजाराचा दिवस जड जातो. बोलण्याविषयीची कामं सारखी राहतात म्हणजे गाठ तिथे आहे.

चौथी पायरी: झोप आणि शरीर

गीतेच्या सहाव्या अध्यायात योगाची साधना सांगताना आहार, विहार, झोप आणि जागरण यांच्या मापाची गोष्ट येते. अती खाणाऱ्याला योग नाही, मुळीच न खाणाऱ्याला नाही, अती झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. मन सुधारायला निघालेला माणूस शरीराकडे दुर्लक्ष करतो आणि तिथेच अडकतो, म्हणून ही पायरी सोडू नका.

रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून तब्येत कमावली. पुढे मंडालेच्या तुरुंगात, आजारपण अंगावर असताना, त्यांनी पेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढलं. ते लिहायला जे शरीर लागलं, त्याचा पाया त्या एका वर्षात घातला गेला होता, असं मला वाटतं.

नव्या माणसाने एवढंच करावं: जेवणानंतर फोन दूर, झोपेची वेळ ठरलेली, आणि रोज अर्धा तास चालणं. किनारा जवळ असेल तर ओहोटीच्या वेळी चाला, ओली घट्ट वाळू पायाला बरी पडते. पावसात किनाऱ्यावर आणि कड्यांवर जाऊ नका, पडवीत सूर्यनमस्कार घाला. एप्रिल-मेच्या घामट उकाड्यात पहाट किंवा उन्हं उतरल्यावर, मधे नाही.

पाचवी पायरी: आपल्या वर्षाशी पाठ जुळवा

सुरुवात कधी करावी असं विचाराल तर मी सांगेन, तुळशीच्या लग्नाला. भाताची कापणी-झोडणी बहुतेक आटोपलेली असते, हवा कोरडी होऊ लागते, डोक्यात जागा असते. तिथून रोज एक श्लोक धरला तर 205 दिवस जूनच्या सुरुवातीला, म्हणजे मृगाच्या आसपास संपतात.

मृगानंतर मात्र रोज नवा श्लोक नको. नांगरणी, चिखलणी, लावणी, त्यात रात्र रात्र वीज नाही. या काळासाठी दुसरी रीत, आणि ती आपल्याच दोन माणसांनी घालून दिलेली आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलत. 21 फेब्रुवारीला सुरुवात झाली आणि 19 जूनला अठरावा अध्याय झाला. अठरा रविवार, अठरा अध्याय. ती प्रवचनं लिहून घेतली साने गुरुजींनी, दापोली तालुक्यातल्या पालगडच्या मुलाने. ऐकणारे कैदी होते, त्यांत शिकलेले होते आणि न शिकलेलेही. हाच बेत आपल्या पावसाळ्याला चपखल बसतो. मृगानंतरच्या पहिल्या रविवारी गीताईचा पहिला अध्याय घ्या, दर रविवारी एक असा पुढे जा, की दसऱ्याच्या सुमारास अठरावा येतो. आठवडाभर त्या अध्यायातली आवडलेली एकच ओळ मनात ठेवायची. लावणी करताना हात चिखलात असतात, वही उघडता येत नाही, पण एक ओळ म्हणता येते.

मासेमारीच्या घरांना पावसाळा उलट मोकळा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, नारळी पौर्णिमेपर्यंत बरेचसे दिवस जाळी आणि होड्या दुरुस्त करण्यात जातात. त्यांनी रोजचा श्लोक याच दोन महिन्यांत सुरू करावा आणि हंगाम लागला की रविवारच्या रीतीवर यावं.

गणपतीत घर माणसांनी भरलेलं असतं, शिमग्यात पालखी दारात येते. त्या दिवसांत वही डब्यातच राहू दे. आरतीनंतर एक श्लोक सगळ्यांनी मिळून म्हटला तरी पाठ झाला असं समजा. मुंबईहून आलेल्या मुलांना तो एक श्लोक शिकवा, चाल त्यांना लगेच आवडते. आंब्याच्या दिवसांत बागायतदाराला श्वास घ्यायला वेळ नसतो. पहाटेपासून काढणी, मग प्रतवारी, पेट्या भरणं, रात्री गाडी. तेव्हा नवा श्लोक लिहिणं जमत नसेल तर जुन्यातला एक पेटी भरताना म्हणा. मात्र ‘आजचं काम’ त्या दिवसांतही सोडू नका. गड्यांशी बोलताना आवाज चढवायचा नाही, एवढं काम मे महिन्यात पुष्कळ मोठं आहे.

सहावी पायरी: खंड पडला तर

पडणारच. घरात आजारपण येतं, सुतक येतं, कधी नुसता आळस येतो. नियम एकच ठेवा: राहिलेले श्लोक भरून काढायचे नाहीत. चार दिवस चुकले म्हणून पाचव्या दिवशी पाच श्लोक घेतलेत की पाठ कर्जासारखा वाटू लागतो आणि माणूस त्याच्यापासून तोंड लपवतो. जिथे थांबलात तिथून पुढचा एक. मन चंचल आहे, आवरायला कठीण आहे, असं अर्जुन गीतेत कबूलच करतो आणि कृष्ण ते नाकारत नाही. अभ्यासाने आणि वैराग्याने ते ताब्यात येतं, एवढंच उत्तर देतो. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणं, आणि ‘पुन्हा’मध्ये सुटणं धरलेलंच आहे.

खचल्यासारखं वाटलं तर धोंडो केशव कर्वे आठवा. दापोलीजवळच्या मुरुडात वाढलेला हा मुलगा परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेला. तिथे तो वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. तसाच परत यावं लागलं. त्याच मुलाने पुढे 1916 मध्ये महिलांसाठी विद्यापीठ काढलं, 1958 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं आणि ते वयाच्या एकशेपाचव्या वर्षापर्यंत जगले. त्यांच्या आयुष्यात झगमगाट शोधून सापडत नाही. ठरलेलं काम दुसऱ्या दिवशी पुन्हा हातात घेणं, हे सापडतं.

सातवी पायरी: सोबत

एकट्याने दोनेक महिने झाले की कुणाला तरी बरोबर घ्या. मोठा गट नको, एक माणूस पुरे. आठवड्यातून एकदा भेटून वहीतली एक ओळ एकमेकांना वाचून दाखवायची. वाडीत भजनमंडळी असेल तर तिथे जाऊन बसा, गाता येत नसेल तरी टाळ धरायला हात लागतातच. पुस्तकं हवी असतील तर वाचनालय गाठा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 पासूनचं आहे, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 पासूनचं. इतकी जुनी वाचनालयं आपल्या हाताशी असताना सार्थ मनाचे श्लोक किंवा गीता मिळाली नाही असं होऊ नये.

पाठ पुरत नाही तेव्हा

हे मी शेवटची टीप म्हणून टाकत नाही, नीट वाचा. कंटाळा, आळस, दिशा न सापडणं यांवर वर सांगितलेलं चालतं. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडालेली आहे, जेवण जात नाही, कशातच रस नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर ते आजारपण असू शकतं आणि त्याला डॉक्टर लागतो. श्लोक म्हणत घरात बसू नका आणि घरातल्या कुणाला तसं बसवू नका. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. गावात ‘लोक काय म्हणतील’ ही भीती खरी आहे, पण फोन घरातूनच होतो. मोठी मुलं मुंबईत असतील आणि आईवडील दोघंच गावी असतील, तर हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये आजच घालून द्या.

वर्ष भरल्यावर

पुढच्या तुळशीच्या लग्नाला नवा ग्रंथ उघडण्याआधी एक दिवस फक्त वही वाचा. ज्या श्लोकांपुढे सगळ्यात जास्त वेळा ‘राहिलं’ लिहिलं आहे, ते वेगळे काढा. दहाबारा निघतील. नव्या वर्षाचा पहिला महिना त्यांनाच द्या, एकेकाला दोनतीन दिवस. मग पुढे जायचं असेल तर दासबोध घ्या. वीस दशक, प्रत्येकात दहा समास, म्हणजे दोनशे समास. एक समास एका दिवसात उरकायचा नाही, तीन-चार दिवस घ्या. दोन वर्षं सहज जातील. महाडजवळच्या शिवथरघळीत हा ग्रंथ सांगितला गेला असं मानतात. पाऊस ओसरल्यावर वाट सोपी होते, तेव्हा एकदा जाऊन या. जाताना वही बरोबर असू द्या आणि त्या दिवसाचा समास तिथेच बसून वाचा.